लीडर, सुट्टीत काय वाचताय?

दिवाळीची सुट्टी लागली की कॉलेजचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन दिवस शांत होतात. तिसऱ्या दिवशी 'गॅदरिंग कोअर टीम' जागी होते. स्पॉन्सरचं काय झालं? एनएसएस कॅम्पचं गाव ठरलं का? टी-शर्ट कोण बघतंय? तुम्ही यंदा जीएस असाल, सीआर असाल, नाटकाच्या टीमचं सगळं तुमच्या गळ्यात पडलं असेल किंवा गल्लीतल्या मंडळाचा हिशेब तुमच्याकडे असेल, तर एव्हाना तुम्हाला कळलं असेलच. सुट्टी संपली की पुढचे दोन-तीन महिने तुमचे नाहीत.

मग मधल्या या पंधरा-वीस दिवसांत काहीतरी 'कामाचं' वाचावं असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी आपण दुकानात जातो आणि थेट 'लीडरशिप' लिहिलेल्या कपाटासमोर उभे राहतो. कव्हरवर सिंह, बुद्धिबळाचा राजा नाहीतर ढगात गेलेली शिडी. आत सात नियम, पाच सवयी, एकवीस दिवस. या पुस्तकांत वाईट असं काही नसतं. सकाळी लवकर उठा, यादी करा, लोकांचं ऐका, यात चुकीचं काय आहे? घोटाळा एवढाच की यातली बहुतेक पुस्तकं जिंकून झाल्यावर लिहिलेली असतात. शेवट माहीत असला की मधला सगळा रस्ता सरळ वाटतो. तुमचा रस्ता मात्र अजून मधेच आहे. तिथे हॉलचं बुकिंग कॅन्सल झालंय, दोघी बेस्ट फ्रेंड एकमेकींशी बोलत नाहीत आणि एफवायची सहा मुलं कमिटी सोडायच्या बेतात आहेत.

म्हणून या सुट्टीसाठी वेगळी यादी करू या. पुस्तक उचलताना एकच प्रश्न विचारायचा: यात एखाद्या निर्णयाची किंमत दिसते का, आणि ती कोण भरतं ते दिसतं का? दिसत असेल तर ते पुस्तक लीडरच्या कामाचं. मग ते चरित्र असो, कादंबरी असो की तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र.

एक पुस्तक आणि तेरा दिवस

पुस्तक वाचून खरंच काही फरक पडतो का, अशी शंका असेल तर १९६२ सालची ही गोष्ट बघा. त्या वर्षी बार्बरा टकमन यांचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट' प्रसिद्ध झालं. विषय होता १९१४चा ऑगस्ट, पहिल्या महायुद्धाचा पहिला महिना. समोरचा काय करेल याचे अंदाज चुकत गेले, सैन्य हलवण्याची वेळापत्रकं आधीच ठरलेली होती आणि एकदा चाक फिरायला लागल्यावर ते थांबवणं कुणालाच जमलं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी हे पुस्तक वाचलं आणि आपल्या सहकाऱ्यांनाही वाचायला लावलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघ क्युबात अण्वस्त्रं डागू शकणारी क्षेपणास्त्रं बसवत असल्याचे फोटो त्यांच्या टेबलावर आले. पुढचे तेरा दिवस जग अणुयुद्धाच्या काठावर होतं. लष्करातले वरिष्ठ हवाई हल्ल्याचा आग्रह धरत होते. केनेडींनी आधी समुद्रात नाकेबंदी केली, समोरच्याला विचार करायला वेळ दिला आणि बोलणी चालू ठेवली. त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी या दिवसांवर 'थर्टीन डेज' लिहिलं. त्यात ते सांगतात की अध्यक्षांच्या बोलण्यात टकमनबाईंचं पुस्तक येत होतं. आपण कसे घसरत युद्धात गेलो याची कहाणी उद्या आपल्यावरही लिहिली जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

क्युबाचं काय करायचं याचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं. पण घाईने काय होतं, याचं एक उदाहरण केनेडींच्या डोक्यात ताजं होतं. सुट्टीतल्या वाचनाकडून एवढी अपेक्षा ठेवली तरी पुष्कळ आहे.

फॉरवर्डमधला अर्धा भाग

आता आपल्याकडची, तुम्हाला नक्की माहीत असलेली एक गोष्ट. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. एपीजे अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे केलं. टीचर्स डेला, फेअरवेलला, लिंक्डइनवर, हा प्रसंग आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलाय.

पण कलाम हा प्रसंग भाषणांत सांगायचे, तेव्हा त्याच्या आधीचा भागही सांगायचे. उड्डाणाच्या काही मिनिटं आधी कॉम्प्युटरने ते थांबवलं होतं. नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. तज्ज्ञ म्हणाले, इंधन पुरेसं आहे, काळजी नको. आणि कलामांनी कॉम्प्युटरचा इशारा बाजूला ठेवून उड्डाण करायचं ठरवलं. फॉरवर्डमध्ये धवन यांचा मोठेपणा उरतो आणि कलामांचा तो एक अवघड मिनिट गळून पडतो. वास्तविक वीस-बावीस वर्षांच्या लीडरला त्या मिनिटाची गरज जास्त आहे. सगळे 'होईल रे' म्हणतायत, एक दिवा लाल आहे आणि बटण तुमच्या हातात आहे. 'अग्निपंख' तुमच्या घरी असण्याची शक्यता बरीच आहे. या सुट्टीत ते काढलंत, तर एसएलव्हीची पानं सावकाश वाचा. अपयशानंतर कारणं कशी शोधली आणि पुन्हा उभं कसं राहिलं, हे तिथे सविस्तर आहे.

पहिली कसोटी हीच. पुस्तकात निर्णयाआधीचा गोंधळ दिसला पाहिजे. 'त्यांनी दूरदृष्टीने निर्णय घेतला' एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुस्तक शिकवण्यापेक्षा आरती जास्त करतंय असं समजा.

या कसोटीवर कादंबरीही चालते. विश्वास पाटील यांची 'पानिपत' १९८८ची. पेपर अवघड गेला की 'पानिपत झालं' असं आपण सहज म्हणतो. पण ते कसं झालं? सदाशिवरावभाऊंनी १७६०च्या ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकलं, तिथे धान्यही मिळालं. तेवढ्यात अब्दालीने यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तोडला. छावणीत लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू, बायका, मुलं होती. अडीच महिने दोन्ही सैन्यं समोरासमोर बसून राहिली आणि मराठ्यांच्या छावणीतलं खाणं संपत गेलं. १४ जानेवारी १७६१ला, संक्रांतीच्या दिवशी, उपाशी माणसं लढायला उतरली. हे वाचताना तलवारींपेक्षा रसदीकडे लक्ष ठेवा. जिथे सात दिवसांचा कॅम्प आणि पन्नास पोरं सांभाळायची आहेत, तिथे धान्य, पाणी आणि परतीचा रस्ता हे तीन प्रश्न आजही तसेच आहेत.

राजा उंदराचा विचार करतो

दुसरी कसोटी: पुस्तकात बारीक काम दिसतं का?

शिवाजी महाराजांवरची जाड पुस्तकं सगळेच वाचतात. तुम्ही त्यांचं एक छोटं पत्र शोधा. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना ते लिहिलंय. पावसाळा तोंडावर आहे. महाराज सांगतात, धान्य आणि वैरण आत्ताच उधळू नका, पावसाळाभर पुरवा. संपलं, तर तुमची माणसं गावात जाऊन कुणाचं धान्य, कुणाची भाजी, कुणाचं लाकूड उचलायला लागतील. मग रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर ते उंदरापर्यंत जातात. रात्री दिवा जळता ठेवला आणि उंदराने पेटती वात पळवली, तर गवताला आग लागेल आणि घोडी जातील.

पत्रात लढाईचा जोश नाही, भाषणही नाही. वैरण, दिवा, उंदीर आणि शेतकऱ्याच्या दारातली भाजी आहे. आपल्या माणसांनी वागण्यात हलगर्जीपणा केला तर बदनामी कुणाची होते, हे त्यात स्पष्ट दिसतं. तुमचे व्हॉलंटियर कॅम्पच्या गावात कुणाच्या शेतातला ऊस तोडतील, तेव्हा नाव तुमच्या कॉलेजचं जाईल. हिशेब तोच आहे.

याच्या जोडीला 'आज्ञापत्र' घ्या. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला हा राजनीतीवरचा छोटासा ग्रंथ आहे. भाषा जुनी आहे, पहिली चार पानं जड जातील. टिपा असलेली आवृत्ती घेतलीत तर दोन-तीन दुपारींत होतं. किल्ले, आरमार, व्यापारी, सगळ्यावर त्यात विचार आहे. मला त्यातला झाडांचा भाग फार आवडतो. आरमाराला लाकूड लागतं. आंबा, फणसाचं लाकूडही उपयोगाचं. पण त्याला हात लावू नका, कारण ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. अगदीच जीर्ण, कामातून गेलेलं झाड असेल, तर मालकाला राजी करावं, पैसे द्यावेत, त्याला समाधान वाटेल असं वागून मगच ते घ्यावं. जबरदस्ती करायची नाही.

राज्याला गरज आहे आणि काम देशाचं आहे, तरी विचारायचं आणि पैसे द्यायचे. 'फेस्टसाठीच तर करतोय ना, तुझा लॅपटॉप दे चार दिवस' असं आपण किती सहज म्हणतो, आठवून बघा.

बारीक काम आवडणाऱ्यांसाठी आणखी एक पुस्तक. व्हर्गीस कुरियन यांचं 'माझंही एक स्वप्न होतं'. सरकारी स्कॉलरशिपच्या अटीमुळे १९४९मध्ये आणंदला आलेल्या आणि तिथून कधी एकदा सुटतो असं झालेल्या तरुण इंजिनिअरची ही गोष्ट आहे. त्याला थांबवून घेणारे त्रिभुवनदास पटेल आणि म्हशीच्या दुधाची पावडर करण्याचं तंत्र बसवणारे एच. एम. दलाया ही दोन माणसं वाचताना सोडू नका. जाहिरातीत आपल्याला 'अमूल' दिसतं. एकाने विश्वास मिळवायचा, दुसऱ्याने यंत्र चालवायचं आणि तिसऱ्याने सगळ्यांशी भांडायचं ही वाटणी पुस्तकातच दिसते.

शेजारच्या खोलीतून

तिसरी कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लीडरने स्वतःबद्दल लिहिलेलं पुस्तक वाचताय? मग त्याच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाने लिहिलेलंही वाचा.

मराठीत याची चंगळ आहे. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१०मध्ये आलं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्याला पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदात भेटतात: समाजसुधारक, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर, १८७३मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे नमून याच रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई. रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं. हा सुधारकाचा निर्णय. पण शिकते म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे, अबोला आणि छळ रमाबाईंच्या वाट्याला आला. निर्णय दिवाणखान्यात झाला आणि त्याची किंमत स्वयंपाकघरात भरली गेली.

रमाबाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. नवऱ्याबद्दल त्यांना अपार आदर आहे, म्हणून तर ते जास्त टोचतं. पुढे याच बाई पुण्यात सेवासदन उभं करतात, स्वतः पुढारी होतात. पुस्तक वाचल्यावर रानडे लहान होत नाहीत. ते आपल्यासारखे होतात, म्हणजे घरच्यांपुढे कधी न बोलता येणारे, कधी मागे सरणारे आणि तरी काम न सोडणारे.

आता हेच तुमच्या कमिटीत आणून बघा. 'पाच दिवसांत सेट उभा करू' असं स्टेजवर तुम्ही म्हणता. टाळ्या तुम्हाला मिळतात. शेवटची कसारा लोकल चुकते ती बॅकस्टेजच्या मुलीची आणि घरी ओरडा खाते तीच. तिने आठवणी लिहिल्या तर तुमच्याबद्दल काय लिहील?

याच जातीची आणखी दोन नावं. साधनाताई आमटे यांचं 'समिधा', ज्यात आनंदवनाचं काम बाबा आमट्यांच्या शेजारून दिसतं. आणि बाया कर्वे यांचं 'माझे पुराण'. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' आणि हे पुस्तक लागोपाठ वाचून बघा. दोघांचं घर एक, संस्था एक, पण हिशेबाच्या वह्या दोन.

ज्यांना मीटिंगला बोलावलेलं नसतं

चौथी कसोटी: तुमच्या यादीत एक तरी पुस्तक अशा माणसाचं हवं, ज्याच्यावर आयुष्यभर दुसऱ्यांचे निर्णय येऊन आदळले. दया पवार यांचं 'बलुतं' (१९७८), बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या', ज्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उचल्या समाजावर इंग्रजांच्या राज्यात कायद्यानेच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला गेला. कायदा गेला तरी पोलिसांची नजर बदलली नाही. कागदावरची एक ओळ माणसाचा पिढ्यान्‌पिढ्या कसा पाठलाग करते, ते या पुस्तकात आहे.

यावर कुणी म्हणेल, लीडरशिपशी याचा काय संबंध? कॉलेजात बसून आपणही छोटे छोटे नियम करत असतोच. कॉन्ट्रिब्युशन प्रत्येकी पाचशे. ट्रॅडिशनल डेला ड्रेसकोड कम्पल्सरी. ऑडिशन फक्त इंग्रजीत. मीटिंग रात्री नऊला, ऑनलाइन. यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी गुपचूप ग्रुप सोडून जातं. पाचशे नाहीत हे कुणी तोंडाने सांगत नाही, 'घरी काम आहे' असं सांगतं. ही पुस्तकं वाचल्यावर निदान ते 'घरी काम आहे' वेगळं ऐकू येतं.

किती, कुठे, कसं?

सगळी यादी वाचायची नाही. पंधरा दिवसांत तीन पुस्तकं खूप झाली. हिशेब असा: एक निर्णयाचं, एक शेजारच्या खोलीतलं, एक मीटिंगला न बोलावलेल्याचं. महाराजांचं पत्र चहा पिताना होतं, ते बोनस.

पैशांचं कारण सांगू नका. गावातल्या, वॉर्डातल्या वाचनालयाची दिवाळीच्या सुट्टीपुरती मेंबरशिप घेता येते का विचारा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. तुमच्या तालुक्यालाही जुनं नगर वाचनालय असेल. तिथल्या ग्रंथपाल काकांना 'जीएस झालोय, काय वाचू?' असं विचारून तर बघा. फराळाला महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणार असाल तर भिलारला उतरा. २०१७पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे आणि घराघरांत पुस्तकं वाचायला ठेवलेली आहेत. दिवाळी अंकही हाताशी असतीलच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही सुट्टी वाचनाचीच आहे.

वाचताना पेन जवळ ठेवा आणि वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा. निर्णय काय होता? त्याची किंमत कुणी भरली? लीडरला ते कधी कळलं? दर पुस्तकातून एक ओळ भरली तरी पुरे. सुविचार उतरवून घेऊ नका, स्टेटसला टाकले की ते विसरले जातात.

आणि हो, कुणासारखं तरी व्हायचं म्हणून वाचू नका. यशवंतराव चव्हाणांच्या 'कृष्णाकाठ'मध्ये शाळेतला एक प्रसंग आहे. तू कोण होणार, असं विचारल्यावर बाकीची मुलं मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावं सांगतात. हा मुलगा सांगतो, मी यशवंतराव चव्हाण होणार. १९८४मध्ये आलेल्या त्या आत्मचरित्राचे पुढचे भाग लिहायचे राहून गेले, त्याच वर्षी ते वारले. जे आहे त्यात कऱ्हाडचा एक मुलगा, कॉलेजच्या वयात तुरुंगात जाऊन आलेला, वाचत आणि चुकत शिकताना दिसतो.

सुट्टीनंतरची पहिली मीटिंग कधी आहे? त्या दिवशी अजेंडा वाचण्याआधी वहीचं ते शेवटचं पान उघडा, चौथी ओळ तुमच्या कमिटीची लिहा आणि मधला रकाना भरायला सगळ्यात ज्युनिअर व्हॉलंटियरला सांगा.